टक्क्यांत न मावणारी चव: बोर्दोच्या पांढऱ्या मिश्र वाइन

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, अटलांटिक किनाऱ्यालगत असलेल्या बोर्दो प्रदेशात पांढरी वाइन सहसा एकाच जातीच्या द्राक्षांची करत नाहीत. बाटलीवर मळ्याचे किंवा गावाचे नाव असते. आत कोणती द्राक्षे आहेत हे पुढच्या लेबलावर बहुधा लिहिलेलेही नसते. आत असते ते मुख्यतः सोव्हिन्यों ब्लां आणि सेमियों या दोन जातींचे मिश्रण. त्यात कधी मुस्कादेल नावाची तिसरी जात चवीपुरती घातलेली असते, तर कधी सोव्हिन्यों ग्रि. मिश्र वाइन म्हणजे उरलासुरला माल खपवण्याची युक्ती, असा एक समज आहे आणि स्वस्त बाटल्यांच्या बाबतीत तो अगदीच खोटा नाही. पण बोर्दोमधल्या उत्तम पांढऱ्या वाइन मिश्रच असतात. कारण या दोन द्राक्षांपैकी प्रत्येकात जे कमी आहे, ते दुसऱ्यात भरपूर आहे.

सोव्हिन्यों ब्लां हे वासाचे आणि आंबटपणाचे द्राक्ष आहे. ते लवकर पिकते, पिकल्यावरही त्याची आम्लता बऱ्यापैकी टिकते, आणि त्याच्या वाइनचा वास पेला नाकाशी नेताच ओळखू येतो: नुकतेच कापलेले गवत, टोमॅटोची पाने, हिरवी ढोबळी मिरची, पपनस, पॅशनफ्रूट. पण तोंडात ही वाइन पुष्कळदा सडपातळ वाटते. पहिल्या घोटाची तरतरी ओसरली की मागे फारसे काही उरत नाही. तोडणीला उशीर झाला तर वासही उडतो आणि हाती येते ते नुसतेच बेचव मद्य. म्हणून या द्राक्षाच्या तोडणीची तारीख ठरवताना बागायतदार अतिशय सावध असतात.

सेमियोंचा स्वभाव उलटा. मणी सोनेरी, साल पातळ, उत्पन्न भरपूर. तरुण सेमियोंला वास जवळजवळ नसतोच. लिंबाची हलकी छटा आणि थोडे पिकलेले पेअर, एवढेच. आम्लता बेताची. मात्र तोंडात तिला वजन असते. ती जिभेवर पसरते, किंचित मेणचट, गुळगुळीत लागते, आणि गिळल्यानंतरही तिची जाणीव रेंगाळते. नवख्या माणसाला सेमियों एकटी दिली तर तो बहुधा काहीच बोलणार नाही. तीच वाइन दहा वर्षांनी उघडली तर मध, भाजलेला पाव आणि सुकामेवा यांचा वास येतो. हे वास ओकच्या पिंपामुळे येतात असे पुष्कळांना वाटते. ऑस्ट्रेलियाच्या हंटर व्हॅलीतली सेमियों हा त्याविरुद्धचा पुरावा आहे. तिथे द्राक्षे लवकर तोडतात, वाइनमध्ये मद्यार्क जेमतेम 10-11 टक्के असतो आणि ओकच्या पिंपाशी तिचा संबंधही येत नाही. तरी बाटलीत दशकभर मुरल्यावर तिला भाजलेल्या पावाचा वास येतोच.

मिश्रणाची गंमत अशी की, दोन्ही वाइन निम्म्या निम्म्या घातल्या म्हणून चवही निम्मी निम्मी होत नाही. आंबटपणा, गोडवा, मद्यार्क या गोष्टी साधारण प्रमाणानुसार वाटल्या जातात. वासाचे तसे नाही. सोव्हिन्योंच्या वासामागे दोन प्रकारची संयुगे आहेत. एक पायराझिने, ज्यांच्यामुळे ढोबळी मिरचीचा हिरवट वास येतो. ऊन कमी मिळालेल्या, नीट न पिकलेल्या घडांत ती जास्त असतात आणि मणी पिकत जातील तशी कमी होतात. दुसरी थायॉले, म्हणजे गंधक असलेली संयुगे, ज्यांच्यामुळे पॅशनफ्रूट, पपनस आणि टोमॅटोच्या पानांसारखे वास येतात. फार झाली तर त्यांतल्याच एकाचा वास मांजराच्या मुताकडे झुकतो, आणि वाइनची पुस्तके हे आडपडदा न ठेवता सांगतात.

थायॉलांची ताकद आकड्यांशिवाय पटत नाही. पपनसाच्या वासाचे जे थायॉल आहे, ते मद्यार्कमिश्रित पाण्यात लिटरमागे सुमारे 60 नॅनोग्रॅम असले तरी माणसाच्या नाकाला कळते. हिरवट वासाच्या दुसऱ्या एका थायॉलाला तर लिटरमागे एक नॅनोग्रॅमही लागत नाही, आणि नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. समजा, एखाद्या सोव्हिन्योंमध्ये पहिले थायॉल 600 नॅनोग्रॅम आहे आणि तिचा मिश्रणातला वाटा केवळ पाचवा हिस्सा ठेवला. तरी लिटरमागे 120 नॅनोग्रॅम उरतात, म्हणजे जाणवण्याच्या मर्यादेच्या दुप्पट. आमटीत फोडणीचा वाटा चमचा-दोन चमच्यांचा असतो, पण वास साऱ्या पातेल्याला लागतो, तसेच हे. त्यामुळे 80 टक्के सेमियों असलेली तरुण वाइनसुद्धा नाकाला सोव्हिन्योंसारखी वाटू शकते, आणि सेमियों कळते ती घोट घेतल्यावर. लेबलावरचे टक्के वाचून चवीचा अंदाज बांधणारा म्हणूनच फसतो.

ही थायॉले द्राक्षात तयार स्वरूपात नसतात. मण्यात, विशेषतः सालीलगत, त्यांची बिनवासाची पूर्वरूपे असतात आणि रस आंबवताना यीस्ट ती तोडून वास मोकळा करते. सोव्हिन्योंचे द्राक्ष चाखताना फारसा सुगंध येत नाही आणि वाइन मात्र घमघमते, त्याचे कारण हे. हा सारा उलगडा बोर्दो विद्यापीठातच झाला. देनी द्युबूर्द्यू हे तिथले प्राध्यापक, शिवाय स्वतः मळेवाले होते. त्यांच्या प्रयोगशाळेत ताकातोशी तोमिनागा या जपानी संशोधकाने 1990च्या दशकात यातली अनेक थायॉले एकामागून एक ओळखून काढली. त्याचे परिणाम लगेच कामाच्या पद्धतीत उतरले. घड पिळण्याआधी रस काही तास सालींसह थंड ठेवायचा, म्हणजे पूर्वरूपे रसात उतरतात. रसाला हवा लागू द्यायची नाही, कारण थायॉलांना प्राणवायू सोसत नाही. आणि तांबेही सोसत नाही.

तांब्याचा मुद्दा महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागायतदाराच्या चटकन ध्यानात येईल. नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागांवर डावणी रोगाच्या बंदोबस्तासाठी जे बोर्डो मिश्रण फवारतात, ते मूळचे याच प्रदेशातले. मोरचूद आणि चुना यांच्या या द्रावणाचा उपयोग बोर्दो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर-मारी-आलेक्सी मिलार्दे यांनी 1885 मध्ये प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून ते जगभरच्या बागांत गेले. द्राक्ष वाचवणाऱ्या या औषधातले तांबे रसात उरले, तर ते थायॉलांना बांधून टाकते आणि सोव्हिन्योंचा वास मंदावतो. म्हणून पांढऱ्या वाइनच्या सोव्हिन्योंवर तोडणीच्या तोंडावर तांब्याची फवारणी टाळतात.

मिश्रणामागचे आणखी एक कारण अगदी व्यवहारी आहे. बोर्दोचे हवामान समुद्राचे आणि बेभरवशाचे. वसंतात कडक थंडी पडून कोंब जळतात, फुलोऱ्यात पाऊस येतो, तोडणीच्या वेळी पुन्हा पाऊस. सोव्हिन्यों आणि सेमियों एकाच वेळी फुलत नाहीत आणि एकाच वेळी पिकतही नाहीत. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला आधी सोव्हिन्यों तोडायची, मागून सेमियों. एकीला पावसाने गाठले तरी दुसरी हाती लागते. चवीचा विचार नंतर आला असावा. शेतकऱ्याने दोन जाती लावल्या त्या आधी पीक पदरात पडावे म्हणून.

दोन्ही जातींचा रस सहसा वेगवेगळा आंबवतात, कधी पोलादी टाक्यांत, कधी 225 लिटरच्या ओकच्या पिंपांत. आंबवण संपल्यावर तळाशी बसलेला यीस्टचा गाळ लगेच काढून टाकत नाहीत. वाइन महिनोन्महिने त्यावरच ठेवतात आणि अधूनमधून काठीने ढवळतात. मेलेल्या यीस्टमधून उतरणाऱ्या द्रव्यांनी वाइनला भरीवपणा येतो. शिवाय गाळ प्राणवायू शोषून घेतो, त्यामुळे पिंपातही वास टिकतो. लाल वाइनमध्ये, आणि पुष्कळशा शार्डोनेतही, मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर होऊ देतात. बोर्दोच्या पांढऱ्या वाइनमध्ये ते बहुधा टाळतात, कारण इथे आंबटपणा हवाच असतो.

मग मिश्रणाची बैठक. हिवाळा सरता सरता प्रत्येक टाकीतला, प्रत्येक पिंपातला नमुना टेबलावर मांडतात आणि मापाच्या नळीत वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळून चाखत जातात. सगळ्यांत चांगली टाकी आणि सगळ्यांत चांगली टाकी मिसळली की सगळ्यांत चांगली वाइन होते, असे नाही. कधी स्वतंत्रपणे ओबडधोबड वाटणारी सेमियोंची एक टाकी मिश्रणात कामाला येते. कधी पाच टक्के मुस्कादेल सगळ्यावर फुलांचा वास पसरवते आणि मग तीन टक्क्यांवर यावे लागते. नियम मिश्रणात कोणत्या जाती चालतील ते सांगतात. किती घालायचे हे मालकाच्या आणि त्याच्या सल्लागाराच्या जिभेवर असते.

त्यामुळे एकाच परिसरातले मळे एकमेकांपासून पार वेगळे असतात. बोर्दो शहराच्या दक्षिणेला लागून असलेल्या पेसाक-लेओन्यां भागात शातो स्मिथ ओ लाफित आपल्या पांढऱ्या वाइनमध्ये 90 टक्क्यांच्या आसपास सोव्हिन्यों घालते. दोमेन द शव्हालिए साधारण 70 टक्के घालते आणि तिची वाइन तरुणपणी अबोल असल्याबद्दल प्रसिद्ध आहे. शातो ओ-ब्रियोंच्या पांढऱ्या वाइनमध्ये दोन जातींचा वाटा जवळपास सारखा असतो. याउलट आंत्र-द-मेर भागातल्या साध्या, स्वस्त वाइन पोलादी टाकीतून थेट बाटलीत जातात. त्या वर्ष-दोन वर्षांत, शक्यतो कालवांबरोबर, संपवण्यासाठी असतात.

काळ हा या मिश्रणातला तिसरा घटक म्हणावा लागेल. पॅशनफ्रूटचा वास देणारे थायॉल बाटलीत वर्ष-दोन वर्षांतच विघटित होऊन पपनसाच्या वासाचे होते, आणि तेही पुढे हळूहळू कमी होत जाते. चार-पाच वर्षांनी सोव्हिन्योंचा आवाज खाली गेलेला असतो आणि सेमियोंचा अजून वर आलेला नसतो. या मधल्या टप्प्यात चांगली वाइनसुद्धा मुकी वाटते. उतावळेपणाने उघडलेल्या महागड्या बाटल्या इथेच वाया जातात. त्यानंतर मध, मेण, बदाम, भाजलेला पाव असे वास वर येतात. सोव्हिन्यों तेव्हा वासातून जवळपास गेलेली असते, पण तिचा आंबटपणा कणा म्हणून उरतो. निव्वळ सेमियोंला बोर्दोच्या हवेत हा कणा सहसा पुरेसा मिळत नाही, आणि निव्वळ सोव्हिन्योंपाशी उतारवयात बोलण्यासारखे थोडेच असते.

ही प्रतिष्ठा बोर्दोच्या कोरड्या पांढऱ्या वाइनला अलीकडे मिळाली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या प्रदेशात लाल द्राक्षांपेक्षा पांढरी जास्त होती, पण त्यांची वाइन बहुतांशी स्वस्त, अर्धवट गोड आणि गंधकाच्या धुराड्यासारखी असे. गोडव्यामुळे पुन्हा आंबू नये म्हणून गंधक सढळ हाताने वापरत. बाजार लाल वाइनकडे वळला तसे पांढऱ्याचे मळे उपटले गेले. आज पांढरी वाइन बोर्दोच्या एकूण उत्पादनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी आहे. उरलेल्यांनी दर्जा उचलला. थंड तापमानात आंबवण्याची सोय, द्युबूर्द्यूंची शिकवण आणि आंद्रे ल्युर्तों यांच्यासारख्या मळेवाल्यांचा पाठपुरावा यांतून 1987 मध्ये पेसाक-लेओन्यांला स्वतंत्र भौगोलिक नाव मिळाले.

बोर्दोच्या दक्षिणेला सोतेर्न आणि बार्साक या भागांत याच दोन द्राक्षांची जगप्रसिद्ध गोड वाइन होते, आणि तिथे प्रमाण उलटते: साधारण 80 टक्के सेमियों, 20 टक्के सोव्हिन्यों. सिरों नावाची लहानशी थंड नदी इथे गारोन या मोठ्या, कोमट पाण्याच्या नदीला मिळते. शरद ऋतूत रात्री धुके दाटते आणि दुपारी ऊन पडते. धुक्यात बोट्रायटिस ही राखाडी बुरशी घडांवर वाढते, उन्हात ती आटोक्यात राहते. एरवी ही बुरशी म्हणजे बागेचा नाश. इथे ती पिकलेल्या मण्यांच्या सालीला सूक्ष्म भोके पाडते, आतले पाणी उडून जाते, आणि साखर व आम्ल दोन्ही घट्ट होतात. सेमियोंची पातळ साल, जी ओल्या वर्षात तिची कमजोरी ठरते, तीच इथे तिला पहिला मान मिळवून देते.

सगळा घड एकदम सुरकुतत नाही. म्हणून मजूर त्याच ओळींतून आठवड्यांमागून आठवडे फिरतात आणि दर खेपेला तयार झालेले तेवढेच मणी काढतात. शातो दिकेम या सर्वांत नामांकित मळ्यात एका वेलीमागे पेलाभर वाइन निघते असे सांगतात. 1855च्या वर्गवारीत सोतेर्नच्या मळ्यांमध्ये दिकेमला एकट्याला सर्वांच्या वरचा दर्जा दिला गेला, तो आजही कायम आहे. हवामान बिघडले तर हा मळा त्या वर्षी आपल्या नावाने गोड वाइन काढतच नाही. 2012 हे तसे वर्ष होते. त्याच्याच 1811च्या एका बाटलीला 2011 मध्ये 75 हजार पौंड मोजले गेले, तेव्हा पांढऱ्या वाइनच्या एका बाटलीसाठी तो विक्रम होता. 1959 पासून दिकेम ‘इग्रेक’ नावाची कोरडी वाइनही काढते आणि तिच्यात मात्र सोव्हिन्योंचा वरचष्मा असतो.

सोतेर्नच्या बाटलीत लिटरमागे 120 ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर असते, तरी चांगली सोतेर्न पाकासारखी चिकट लागत नाही. त्याचे श्रेय बुरशीने घट्ट केलेल्या आम्लाला, आणि त्या 20 टक्के सोव्हिन्योंला. वासात जर्दाळू, संत्र्याची साल, मध, केशर. जुन्या बाटलीत आणखी एक छटा येते ती सोटोलॉन या संयुगाची, आणि मेथीच्या दाण्याचा ओळखीचा वास याच संयुगाचा असतो. या प्रदेशातही अपवाद आहे. बार्साकचे शातो क्लिमां निव्वळ सेमियोंची वाइन करते आणि तिच्यात ताजेपणाची उणीव कोणाला भासत नाही. चुनखडीच्या जमिनीला त्याचे श्रेय देतात.

बोर्दोबाहेर ही जोडी सर्वांत यशस्वी झाली ती पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या मार्गारेट रिव्हर भागात. तिथल्या हवेत सेमियोंलाही गवताचा हिरवा वास येतो, त्यामुळे दोन्ही जाती जवळजवळ एकाच सुरात बोलतात, आणि वाइन बहुधा ओकविना, ताजेपणी पिण्याची असते. मिश्रणाचे तर्कशास्त्र सगळीकडे आंबटपणा आणि वजन यांचेच असते, असेही नाही. ऱ्होन नदीकाठच्या एर्मिताजमध्ये मार्सान आणि रूसान या दोन्ही जाती कमी आंबट आहेत. मार्सान भरदार, बदामी. रूसान अधिक सुवासिक, पण भुरी रोगाला चटकन बळी पडणारी, म्हणून बागायतदारांनी एकेकाळी ती टाकलीच होती. आणि व्हिएन्ना शहराच्या हद्दीत तर मिश्रण तळघरात होतच नाही. तिथल्या ‘गेमिश्टर झाट्स’ वाइनसाठी किमान तीन जातींच्या वेली एकाच बागेत लावलेल्या असाव्या लागतात. घड एकत्रच तोडतात आणि एकत्रच आंबवतात. काही मणी हिरवट, काही अतिपक्व, आणि वाइनमध्ये कोणती जात कुठे आहे हे जाणकारालाही सांगता येत नाही. तेच तिचे वैशिष्ट्य मानतात.

महाराष्ट्रात पांढऱ्या वाइनचे गणित उन्हाशी असते. ऑक्टोबरच्या आगेमागे छाटणी, जानेवारी ते मार्च तोडणी. हिवाळ्यातल्या थंड रात्री आम्ल सांभाळतात, पण फेब्रुवारीत ऊन तापू लागले की ते भरभर उतरते. सुला या वाइन कंपनीने 1997 मध्ये नाशिकला सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां लावून सुरुवात केली आणि 2000 मध्ये पहिली वाइन बाजारात आणली. भारतीय पांढऱ्या वाइन अजून मुख्यतः एकेका जातीच्या नावानेच विकल्या जातात, कारण नव्या ग्राहकाला तेवढीच खूण ओळखीची असते. फेसाळ वाइनमध्ये मात्र मिश्रण रुळले आहे. दिंडोरीत होणाऱ्या शांदों ब्रूतमध्ये शेनिन ब्लां, शार्डोने आणि पिनो न्वार ही काळी जात असते. काळ्या द्राक्षाचा रस पांढराच असतो, सालीपासून तो लगेच वेगळा केला की झाले. सेमियोंने इथे मूळ धरलेले नाही. पातळ साल आणि बेताची आम्लता ही जोडी इथल्या उन्हात आणि अवकाळी पावसात बागायतदाराला परवडणे कठीण.

मिश्र पांढरी वाइन फ्रीजमधून काढून थेट पेल्यात ओतली तर ती फक्त आंबट आणि गार लागते. थंडीत वास बंद राहतात. ओक न लावलेल्या, सोव्हिन्योंकडे झुकणाऱ्या वाइनला 8 ते 10 अंश सेल्सियस पुरतात. पिंपात मुरलेल्या, सेमियोंच्या वाइनला 12 अंशांपर्यंत येऊ द्यावे आणि पेला जरा मोठा घ्यावा. सोतेर्न लहान पेल्यात, गार, थोडीच. फ्रान्समध्ये तिच्यासोबत रोकफोर हे खारट, निळसर बुरशीचे चीज खातात. उघडलेली सोतेर्न बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली तर आठवडाभर सहज टिकते. कोरड्या सोव्हिन्यों-सेमियोंचा वास मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच उतरू लागतो.